ओल्या थंडीत बदकांच्या शिकारीला जाताना: हात कोरडे ठेवायचे कसे

स्कॅजिट नदी वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंडच्या खाडीला जिथे मिळते, तिथल्या दलदलीत हिवाळ्यात पारा बहुतेक वेळा 2 ते 7 अंश सेल्सियसच्या मधे रेंगाळत असतो. बर्फ क्वचित पडतो. पाऊस मात्र पाठ सोडत नाही, आणि तो आपल्याकडच्यासारखा कोसळून मोकळा होणारा पाऊस नव्हे. बारीक, आडवा, दिवसभर अंगावर बसत राहणारा. बदकांचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत याच हवेत चालतो. "शून्याच्या वरच तर आहे, जाड हातमोजे घेतले की झालं," असं म्हणत येणारा नवखा माणूस उजाडायच्या आत बोटं काखेत खुपसून बसलेला दिसतो.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथे परवाना लागतो, हंगाम आणि रोजची मर्यादा ठरलेली असते, आणि 1934 पासून चालत आलेला डक स्टॅम्प (शिकाऱ्यांसाठीचं सरकारी तिकीट) विकत घ्यावा लागतो. त्याच्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये राहणारी, आणि या वाटेला लागलेली मराठी मंडळी आता भेटतात. हे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. इथे हात गारठवते ती थंडीपेक्षा ओल. पाणी शरीराची उष्णता हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. शिवाय ओला हात वाऱ्यात धरला की त्यावरचं पाणी उडून जाताना आणखी उष्णता घेऊन जातं. बोटांत स्नायू जवळजवळ नसतात, म्हणजे ती स्वतः ऊब तयार करत नाहीत. त्यांना जी काही ऊब मिळते ती रक्तातून येते, आणि अंगाला गारवा लागला की शरीर सगळ्यात आधी हातापायांचं रक्त आखडतं. त्यामुळे कोरड्या उणे दहात जाड मिटन (चार बोटांना एकच कप्पा असलेला मोजा) घालून माणूस तासन्‌तास बसू शकतो, पण अधिक पाचच्या रिपरिपीत तेच मिटन भिजलं की बोटं बधिर.

यावरचा उपाय हातमोज्यांच्या दुकानात एका जोडीत मिळत नाही. महागड्यातली महागडी 'वॉटरप्रूफ आणि उबदार' जोडीसुद्धा दिवसभराची सगळी कामं पेलत नाही. आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ जन्मभर याच खाडीवर आलेले. मला हे सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांचा एकच नियम आहे: ओल्या कामाचे मोजे वेगळे, कोरड्या कामाचे वेगळे, आणि दोघांची कधी गाठ पडू द्यायची नाही. बाकी सगळं या नियमातून निघतं.

ओलं काम म्हणजे मुख्यतः डिकॉय, म्हणजे खऱ्या बदकांना भुलवणारी नकली बदकं, मांडणं. अंधारात, कपाळावर दिवा लावून, मांडीइतक्या पाण्यात उभं राहून प्लास्टिकची बदकं एकेक करून पाण्यावर सोडायची, त्यांच्या दोऱ्या सोडवायच्या, वजनं तळाला टाकायची. निघताना हेच सगळं उलट करायचं, आणि तेव्हा दोऱ्यांना चिखल आणि शेवाळ लागलेलं असतं. या कामाला कोपराच्या वरपर्यंत येणारे रबरी किंवा पीव्हीसीचे लांब हातमोजे घ्या. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात ते स्वस्तात मिळतात. आतलं अस्तर सुटं, बाहेर काढता येईल असंच हवं. शिवलेलं अस्तर घामाने ओलं होतं आणि दोन दिवस वाळत नाही. वरच्या टोकाला नाडी किंवा घट्ट इलॅस्टिक असावं, कारण वाकलात की पाणी तिथूनच आत शिरतं.

डिकॉय कसे बांधलेत यावरही हात किती भिजणार ते ठरतं. प्रत्येक बदकाच्या पोटाला गुंडाळलेली दोरी सोडवत बसलात तर बोटं पाण्यातच राहतात. त्याऐवजी 'टेक्सस रिग' बांधा: जाड मोनोफिलामेंटची दोरी, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला फास, मधे बदक, आणि एक डझन फास एका मोठ्या कॅराबिनरमध्ये (गिर्यारोहक वापरतात तसल्या उघडत्या कडीत) ओवलेले. मांडताना एकेक काढून फेकायचं. गोळा करताना वल्ह्याच्या टोकाला आकडा लावून दोरी उचलायची, फास ओवायचा, पुढे जायचं. काम निम्म्या वेळात होतं आणि हात पाण्याबाहेर राहतो.

आता बाहीचं. हा भाग लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित करतात. हात खाली असताना पावसाचं पाणी बाहीवरून ओघळत मनगटाकडे येतं, तेव्हा बाही मोज्याच्या वर हवी, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर गळून जातं. हात वर केलात, बंदूक खांद्याला लावलीत किंवा वर बघताना पापण्यांवर आडवा हात धरलात, की तेच पाणी उलट कोपराकडे धावतं आणि उघड्या बाहीत शिरतं. म्हणून जाकिटाच्या मनगटाला आतून निओप्रीनची (पाणबुड्यांच्या पोशाखाच्या रबरी कापडाची) पट्टी असलेलं जाकीट घ्या आणि ती पट्टी कातडीला लागून बंद करा. तिच्यावर लोकरी मोजा, आणि त्यावर जाकिटाची बाहेरची बाही. डिकॉय मांडताना मात्र हे उलटं: लांब रबरी मोजा बाहीच्या वरून, कोपराच्या पुढे.

डिकॉय मांडून झाले, लपणात, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात, येऊन बसलात. सगळ्या दिवसाचं भवितव्य पुढच्या दोन मिनिटांत ठरतं, म्हणून हे सावकाश सांगतो. रबरी मोजे काढा आणि बोटं वर, तोंड खाली करून लपणाच्या बाहेर टांगा, आत आणू नका. हात जवळपास नेहमीच ओलसर असतात, पाण्याने नाही तर घामाने. गळ्यात, जाकिटाच्या आत, एक छोटा मायक्रोफायबर टॉवेल अडकवलेला असू द्या. पोहणारे वापरतात तो शॅमॉइससुद्धा चालतो. तळहात पुसा, मग बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसा, मग नखांच्या कडा, मग मनगट. अंगठी घालत असाल तर ती घरी ठेवून या, तिच्याखाली पाणी राहतं आणि धातू गार पडतो. हात पूर्ण कोरडे झाल्यावरच पातळ मेरिनो लोकरीचे मोजे घाला. आमचे म्हातारबुवा म्हणतात, "हात ओला असेल तर तो पुसेपर्यंत दुसरं काहीच करू नकोस, वरून बदकांचा थवा जात असला तरी." ते हे फार गांभीर्याने म्हणतात, आणि मीही तसंच पाळतो.

बसल्यावर हात मोज्यांत ठेवण्यापेक्षा मफमध्ये ठेवा. मफ म्हणजे कमरेला पट्ट्याने बांधायची, दोन्हीकडून उघडी, आतून फ्लीस लावलेली नळकांडी पिशवी. अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक थंडीत बांधतात तीच. मफमध्ये दोन्ही हात एकमेकांची ऊब घेतात. हातात जाड काहीच नसल्यामुळे पक्षी आला की हात बाहेर काढून लगेच बंदूक धरता येते. पण ओला हात मफमध्ये एकदा गेला की आतलं फ्लीस भिजतं आणि दिवसभर वाळत नाही. टॉवेलचा एवढा आग्रह याच कारणासाठी. कुत्र्याने पक्षी आणून हातात दिला, दुर्बीण पुसली, थर्मासचं झाकण उघडताना पाणी सांडलं, की पुन्हा टॉवेल. कुत्रा अंग झटकतो तेव्हा मफची दोन्ही तोंडं हाताने दाबून धरायची. ही सवय एकदा लागली की आपोआप होते.

लोकर कशाला, असं तरुण मंडळी विचारतात, कारण त्यांनी सिंथेटिकच पाहिलेलं असतं. मी गगनबावड्याकडचा. पावसाळ्यात घोंगड्याची खोळ घेऊन शिवारात उभी राहणारी माणसं बघत मोठा झालो. घोंगडं भिजतं, जड होतं, वास मारतं, तरी खालच्या माणसाला ऊब देत राहतं. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश इतकी वाफ आत घेऊनही हाताला कोरडा लागतो, आणि ती वाफ घेताना थोडी उष्णता सोडतो. सुती मोजे याच्या अगदी उलटे: पाणी धरून ठेवतात आणि गार पडतात. सुती काहीही हाताला लावू नका, आतल्या अस्तरालासुद्धा नको. मेरिनोच्या पातळ मोज्यांच्या दोन-तीन जोड्या झिपच्या पिशवीत घेऊन जा. एक ओलसर झाली की दुसरी घाला आणि पहिली शर्टाच्या आत पोटाशी ठेवा. अंगाच्या ऊबेने ती बरीचशी सुकते.

मफ नको असेल, किंवा सतत चालायचं असेल, तर बोटं उघडी असलेले जाड लोकरी मोजे आणि त्यावर उलटवता येणारी मिटनची टोपी, हा उत्तम पर्याय आहे. वाट बघताना टोपी बोटांवर, वेळ आली की मागे. मोजा घट्ट नसावा. मूठ आवळली की बोटांच्या टोकांना ताण बसत असेल तर एक माप मोठा घ्या. घट्ट मोजा रक्त अडवतो आणि मधली हवा दाबून टाकतो, आणि ऊब धरून ठेवते ती ती हवाच.

पडदा बसवलेल्या महागड्या जलरोधक मोज्यांबद्दल माझं मत थोडक्यात: चालण्यासाठी, वल्हवण्यासाठी ठीक. बाहेरचं कापड भिजलं की पडदा पाणी अडवत असूनही मोजा गार पडतो, घाम बाहेर जाणं बंद होतं, आणि ओलं बोट ओढून काढलं की आतलं अस्तर उलटं बाहेर येतं. ते परत नीट बसवायला लागलात की तोवर पक्षी गेलेला असतो. वल्हवताना मी दोन मिलिमीटरचे निओप्रीन घालतो, ते भिजले तरी काम देतात, आणि लपणात आलो की काढून टाकतो.

बंदुकीच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. ट्रिगर आणि सेफ्टीचं बटण बोटाला स्पष्ट जाणवलं पाहिजे. जाड मोज्यातलं बोट ट्रिगरच्या कडीत शिरताना ट्रिगर दाबलं जाऊ शकतं, आणि बाहेर काढतानाही अडकतं. गोळी झाडणारा हात पातळ मेरिनोमध्ये किंवा उघडाच ठेवा, नळीखालचा हात जाड मोज्यात चालेल. लाकडी किंवा प्लास्टिकचा दस्ता धरा, गार पोलादाला हात लावून ठेवू नका. इथे पाणपक्ष्यांसाठी बंदुकीत तीनच काडतुसं भरता येतात, म्हणजे गारठलेल्या बोटांनी पुन्हा पुन्हा भरावं लागतं. ती खोल खिशात सुटी ठेवण्यापेक्षा छातीवरच्या इलॅस्टिकच्या पट्ट्यात लावा.

आणि एक चाचणी. दर थोड्या वेळाने अंगठा त्याच हाताच्या करंगळीच्या टोकाला लावून बघा. सहज लागत नसेल, किंवा लागलेला जाणवत नसेल, तर त्या क्षणी बंदूक रिकामी करा आणि बाजूला ठेवा. त्या हातांना सेफ्टी उघडी आहे की बंद ते कळत नाही, आणि लपणात तुमच्याशेजारी माणूस आणि कुत्रा बसलेला असतो. हात परत येईपर्यंत नुसतं बघत बसायचं. रशियाच्या रँगल बेटावरून आलेले हिमहंस हजारोंनी इथे हिवाळा काढतात. ते शेतांवरून उठताना बघणं म्हणजे काही वेळ वाया घालवणं नव्हे.

हात परत आणायचे तर आधी बंदूक रिकामी, मग उभं राहून दोन्ही हात खांद्यातून गोल फिरवा, जोरात, मिनिटभर. रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं आणि झिणझिण्या येतात. जागा नसेल तर हात काखेत. नुकत्याच पडलेल्या बदकाच्या पंखाखाली बोटं घालून बसणारे जुने शिकारी मी पाहिले आहेत. तिथली पिसं दाट आणि कोरडी असतात आणि ऊब बराच वेळ टिकते. मीही घालतो. त्या वेळी हातात काय आहे याची जी जाणीव होते, ती प्रत्येक शिकाऱ्याला व्हावी असं मला मनापासून वाटतं.

हात गरम करणाऱ्या पुड्या उपयोगी आहेत, पण त्या कशा चालतात हे समजून वापरा. आत लोखंडाची पूड, मीठ, कोळसा आणि थोडं पाणी असतं. लोखंड हवेतल्या प्राणवायूने गंजतं आणि गंजताना ऊब देतं. म्हणून हवा बंद झाली की पुडी थंड होते, आणि भिजली तरी थंड होते. भिजलेल्या रबरी मोज्यात ती मरतेच. निघण्याआधी वीसेक मिनिटं फोडून खिशात ठेवा, मग मफमध्ये टाका किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला, लोकरी पट्ट्याच्या वरून बांधा. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात आणि बोटांकडे जाणारं रक्त तिथून जातं. उघड्या कातडीवर ठेवू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. अर्धवट वापरलेली पुडी हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत बंद केली तर प्रक्रिया थांबते आणि दुसऱ्या दिवशी उरलेली ऊब मिळते.

इंधनावर चालणारा जुना जपानी पद्धतीचा उबारा मला जास्त आवडतो. जपानमध्ये तो 1923 पासून बनतो: धातूची चपटी डबी, आत बेंझिनमध्ये (लायटरमध्ये घालतात तसल्या इंधनात) भिजवलेला कापूस, तोंडाला प्लॅटिनमची जाळी. ज्योत नसते, जाळीवर इंधनाची वाफ हळूहळू जळते. एकदा भरला की दिवसभर पुरतो आणि पुडीपेक्षा कितीतरी जास्त ऊब देतो. त्यालाही हवा लागते आणि जाळी भिजवून चालत नाही. बंद तंबूत किंवा गाडीत झोपताना वापरू नका.

हातांची ऊब रक्तावाटे धडातून येते, त्यामुळे हात गार पडले तर आधी टोपी घाला, गळ्याला पट्टा घ्या, जाकिटाच्या आत एक लोकरी बंडी चढवा. आईने मला विणून दिलेले लोकरी मनगटपट्टे मी कुठल्याही मोज्याच्या आत घालतो. बोटं मोकळी राहतात आणि मनगट झाकलेलं. खायला शेंगदाणा-गुळाचे लाडू किंवा चिक्की न्या, मोजे न काढता खाता येतात. दारूने अंगाला ऊब आल्यासारखं वाटतं कारण कातडीकडे रक्त धावतं, आणि ती ऊब हवेत निघून जाते. बंदूक जवळ असताना तिचं नावच नको. तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे हात आधी गारठतात.

थंडीत बोटं पांढरीफटक, मग निळी आणि गरम झाल्यावर लाल होत असतील, तर रेनॉड म्हणून ओळखला जाणारा त्रास असू शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा, मग दलदलीत उतरा. इतरांनीही लक्षात ठेवावं की पारा शून्याच्या वर असला तरी तासन्‌तास ओले-गार राहिलेले हात-पाय कायमचे दुखावतात. बोटं मेणासारखी पांढरी आणि कडक झाली, जाणीव परत येईना, तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. घरी 37 ते 39 अंशांच्या, म्हणजे कोपर बुडवून सुखद वाटेल अशा पाण्यात बुडवून गरम करा आणि डॉक्टरकडे जा.

पक्षी साफ करताना पातळ नायट्राइलचे (डॉक्टर घालतात तसले) मोजे घाला. रक्त, पाणी आणि वारा तिघेही दूर राहतात. त्याच्या आत मेरिनो असेल तर हात गारठत नाहीत. नायट्राइलचे दोन-तीन जोड आणीबाणीसाठीही खिशात असावेत. लोकरी मोजे भिजून दुसरे उरले नाहीत तर वरून नायट्राइल चढवलं की वारा थांबतो.

घरी आल्यावर कंटाळा न करता एवढं करा. खाडीच्या पाण्यात मीठ असतं, आणि मोज्यात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. असा मोजा कधीच पुरता वाळत नाही. म्हणून रबरी आणि निओप्रीनचे मोजे गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, उलटे करा आणि बोटं बाहेर काढून टांगा. लोकरी मोजे कोमट पाण्यात, लोकरीसाठीच्या साबणाने, पिळून न काढता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवे वाळवा. हीटरवर टाकू नका, लोकर आटते आणि चामडं लाकूड होतं. बूट वाळवायचं यंत्र असेल तर त्याच्या नळ्या मोज्यांना छान बसतात, नसेल तर बोटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्याआधी एकदा बदला. हातांना रात्री कोकमतेल लावतो मी, इकडे येताना गावाकडून गोळा आणतो. पेट्रोलियम जेलीही चालते. ओल-थंडीने बोटांच्या टोकांना भेगा पडल्या की त्यात पाणी आणि मीठ जाऊन पुढची सकाळ अवघड होते.

पहाटे निघताना रबरी मोजे नुसते बघून गाडीत टाकू नका. आत हात घालून बोटांच्या अगदी टोकापर्यंत चाचपा. तिथे ओल लागली तर ती जोडी परत टांगा आणि दुसरी घ्या.